तात्या टिपणिसांनी चारचौघांत कबूल केलेली चूक

सन्माननीय अध्यक्ष श्रीयुत भाऊसाहेब चित्रे वकील, व्यासपीठावर विराजमान झालेले डॉक्टरसाहेब, घाट ओलांडून मुद्दाम नाशिकहून आलेले पाहुणे, जव्हार गावचे सुजाण नागरिक, माता-भगिनींनो, माझ्या विद्यार्थिमित्रांनो, आणि आत खुर्च्या रिकाम्या असूनही दाराबाहेरच्या ओट्यावर बसलेल्या खोडाळ्याच्या मंडळींनो,

आजच्या निरोपाच्या प्रसंगी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. माझ्याआधी बोललेल्या वक्त्यांनी तात्यासाहेबांच्या एकतीस वर्षांच्या सेवेचं यथार्थ वर्णन केलं. दवाखान्यात कंपाउंडर म्हणून तात्यांनी किती पुड्या बांधल्या, पटकीच्या साथीत किती रात्री जागून काढल्या, हे सारं आपण ऐकलंत. आता मी काय सांगणार? मास्तराचा धंदा चुका काढण्याचा. तेव्हा मी आपल्याला तात्यांची एक चूक सांगणार आहे.

सत्कारमूर्तीची चूक सत्काराच्या सभेत काढावी, हे शिष्टसंमत नाही, ठाऊक आहे मला. म्हणून काल संध्याकाळी तात्यांची परवानगी घेऊनच आलो. ते सामान बांधत होते. मी विचारलं, "तात्या, खोडाळ्याची गोष्ट सांगू का?" गाठ मारता मारता ते म्हणाले, "सांगा की. पण माझी बाजू घेऊ नका. आणि तुम्ही मला काय सल्ला दिला होतात, तेही सांगा." म्हणजे आता माझीही सुटका नाही.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून आधी कॅमेऱ्याची हकिकत सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका लग्नासाठी मुंबईहून एक फोटोग्राफर आले होते. परत जाताना त्यांची बैलगाडी उतारावर कलंडली. माणसं वाचली, कॅमेरा मात्र दगडावर आपटला. लाकडी पेटी उकलली, मागची दुधी काच फुटली, भाता फाटला. भाता म्हणजे पेटीचा तो काळा चुण्याचुण्यांचा भाग, लोहाराच्या भात्यासारखा मागेपुढे होणारा. फोटोग्राफर कंटाळून म्हणाले, "राहू द्या हे सरपण इथंच." ते सरपण तात्यांनी घरी आणलं.

पुढचे सात महिने टिपणिसांच्या घरात काय चाललं होतं, ते सौ. सुशीलाबाईंना विचारा. भात्याला कापड हवं, उजेड आत न येणारं. तात्यांनी घरातली नवी कोरी छत्री उसवली आणि काळ्या कापडाचे दोन थर डिंकाने चिकटवले. त्या वर्षीचा सगळा पावसाळा सुशीलाबाईंनी शेतावरच्या बाईसारखा इरलं पांघरून काढला. नदीतली बारीक रेती आणून खिडकीची काच त्यांनी नऊ दिवस घासली, तेव्हा कुठे ती दुधी झाली. भिंगाला आलेली बुरशी स्पिरिटने पुसली. कॅमेरा ठेवायचं तिकाटणं जुन्या आढ्याच्या लाकडाचं केलं. सुशीलाबाई मान हलवताहेत, म्हणजे मी अतिशयोक्ती करत नाही.

पहिला फोटो घरच्या गाईचा. गाय हलली आणि सहा पायांची निघाली. शेजारचे लोक नमस्कार करायला आले. तात्यांनी त्यांना समजावून परत पाठवलं आणि पुन्हा नवी काच घातली; त्या कॅमेऱ्यात फोटो आधी मसाल्याच्या काचेवर उतरे, मग कागदावर. पुढे हात बसला. मग कामाशिवायचे उद्योगही सुरू झाले. रॉकेलच्या डब्याला उभ्या चिरा पाडून त्यांनी आत चालत्या बैलाचे बारा फोटो गोल चिकटवले होते. डबा फिरवून चिरेतून पाहिलं की बैल चालू लागे. आमच्या शाळेत तो डबा आला, त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही. मी स्वतःच डबा सोडला नाही, तर मुलं कशी सोडतील?

पण तात्यांचा कॅमेरा केवळ छंदाचा राहिला नाही, आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते. पावसाळा सरला की हिवतापाच्या दिवसांत तात्या औषधाच्या फेरीवर निघत. तट्टावर एका बाजूला कोयनेलची, म्हणजे क्विनीनची पेटी, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची. कडू औषध पाड्यावरचे लोक सहजी घेत नसत. तात्यांनी युक्ती काढली. फुगलेल्या पोटाच्या, काडीसारख्या हातापायांच्या एका मुलाचा त्यांनी फोटो काढला. त्याला दोन महिने औषध दिलं आणि पुन्हा फोटो काढला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून ते गावोगाव दाखवत आणि म्हणत, "बघा. मी खोटं बोलेन, डॉक्टर खोटं बोलेल, पण काच खोटं बोलत नाही." लोक बघत आणि औषध घेत. सगळ्या घराने औषध घेतलं, तर त्या घराचा फोटो. खोडाळ्यापासून मोखाड्यापर्यंत हे वाक्य म्हणीसारखं झालं होतं. काच खोटं बोलत नाही.

सन एकोणीसशे बाराची गोष्ट. मी तेव्हा खोडाळ्याच्या शाळेत मास्तर होतो. खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर रघ्या पाटील म्हणून एक वजनदार गृहस्थ होते. त्यांची सून चैती. तिला आठ महिन्यांची मुलगी, माघात जन्मली म्हणून माघी. आणि पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी सुकरी नावाची म्हातारी, सुईण. त्या पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. माघीसुद्धा.

आश्विनात तात्या फेरीवर आले. एका दिवसात सहा काचांवर सहा फोटो काढले. सुकरीचा काढला, तो तिच्या झोपडीच्या दारात. ती लाजून दाराच्या खांबावर हात ठेवून उभी राहिली. मग पाटलांच्या घरी आले. पाटील बाजेवर बसले, शेजारी चैती माघीला मांडीवर घेऊन. तात्या पुढच्या गावाला गेले. पंधरा दिवसांनी माघीला ताप भरला. औषध येईपर्यंत चौथ्या दिवशी ती गेली.

कार्तिकात तात्या तयार फोटो घेऊन आले, तेव्हा त्यांना वाटेतच हे कळलं. ते थेट माझ्याकडे, शाळेत आले. हातात पाटलांच्या घरचा फोटो होता. म्हणाले, "मास्तर, फोटोत मागे कसलासा डाग आलाय. एरवी असला फोटो मी कुणाला दिला नसता. पण त्या पोरीचं दुसरं चित्र जगात कुठेच नाही. काय करू?"

मी म्हणालो, "द्या. आईला डाग दिसणार नाही."

असं झालं, मंडळी. तात्यांनी तो फोटो चैतीच्या हाती दिला. तिने तो छातीशी धरला. तात्या जड मनाने मोखाड्याला निघून गेले.

डाग आईला दिसला नाही, पण इतरांना दिसला. संध्याकाळी पाटलांच्या अंगणात फोटो हातोहात फिरला आणि कुणीतरी म्हणालं, ही तर सुकरी! चैतीच्या खांद्यामागे, धुरासारखी विरळ, पण सुकरीच. तोच वाकलेला खांदा, तीच डोक्यावरची गाठ. आणि तिचा हात कुठे होता? पोरीच्या डोक्यावर.

फोटो काढला तेव्हा सुकरी तिथे नव्हती, हे सगळ्यांना पक्कं आठवत होतं. मग फोटोत कशी आली? डोळ्यांना न दिसता आली, म्हणजे कोण झाली? पाड्याच्या देवऋषाला, जिवा भगताला बोलावलं. त्याने फोटो पाहिला, तांदळाचे दाणे पाहिले, आणि जो शब्द पाड्यावर कुणी मोठ्याने उच्चारत नाही, तो उच्चारला. भुताळी. पोरं खाणारी चेटकीण.

सुकरी सांगत राहिली, "मी माझे घरी होते. तात्यानं माझा फोटो काडला तवा बी घरीच होते. मीच ती पोर पयली हातात घेतली, मी तिला कशी खाईन?" कोण ऐकतो? तिच्या झोपडीवर दगड पडले. तिला कुणी पाणी देईना, चुलीला विस्तव देईना. पंचांनी ठरवलं की येत्या बाजाराच्या दिवशी तिला शिवेबाहेर काढायचं. आपल्याला ठाऊक आहे, हा शिक्का बसलेल्या बाईला पुढचं गावही थारा देत नाही. सत्तरीची म्हातारी थंडीच्या दिवसांत रानात किती दिवस काढणार?

मी पाटलांकडे गेलो. म्हटलं, "पाटील, हा कसलातरी डाग आहे." रघ्या पाटील दुष्ट माणूस नव्हे हो. नात गेलेली, डोळे सुजलेले. ते म्हणाले, "मास्तर, तुमचा तात्याच सांगतो, काच खोटा बोलत नाय. आता तुमी सांगता डाग. खरा कोनाचा मानू?"

मी तडक शाळेत परतलो. तात्यांना निरोप धाडला. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी ते तट्टावरून उतरले. शाळेत मुलं सोडून दिली आणि आम्ही दोघे बसलो. तात्या फोटो पुन्हा पुन्हा उन्हात धरून पाहत होते. भात्याला भोक पडलं असेल, असं त्यांना वाटत होतं. भाता ताणून आत डोकं घालून पाहिला, भोक नाही. मी सहज म्हणालो, "पण सुकरीचा म्हणून जो फोटो काढलात, तो कसा आलाय? तो दाखवा. ती आणि हा डाग ताडून पाहू."

तात्या म्हणाले, "तो आलाच नाही. ती काच कोरी निघाली."

आणि बोलता बोलता थांबले. मला अजून त्यांचा चेहरा दिसतो. हळूच उठले, पेटीतून काच ठेवायची चौकट काढली. या चौकटीत दोन काचा बसतात, एक या अंगाला, एक त्या अंगाला. एक फोटो झाला की चौकट उलटी करायची. बाजारातल्या चौकटीवर दोन्ही अंगांना आकडे असतात. तात्यांची चौकट त्यांनी स्वतः सागाच्या फळीतून केलेली होती, दोन्ही अंगं सारखी, आकडा नाही.

"मास्तर," तात्या म्हणाले, "मी चौकट उलटी करायला विसरलो. सुकरीच्या काचेवरच पाटलांचा फोटो काढला. पाटलांच्या वाटची काच कोरी राहिली, ती मी सुकरीची समजलो. तिचा हात खांबावर होता, तो पोरीच्या डोक्यावर आला." मग म्हणाले, "उद्या बाजारात सगळ्यांपुढे सांगतो."

आता माझा सल्ला ऐका. मी म्हणालो, "तात्या, असं करू नका. उद्या काच खोटं बोलते असं तुम्हीच सांगितलंत, तर परवा ते दोन फोटो कुणाला दाखवाल? औषध कोण घेईल? एका म्हातारीपायी शंभर पोरं तापाने जातील. सुकरीला आपण गुपचूप जव्हारला नेऊ. दवाखान्याच्या आवारात राहील, दोन घास खाईल. तिचं काही वाईट होणार नाही."

मंडळी, त्या वेळी मला माझा सल्ला फार शहाणपणाचा वाटला होता. आजही कुणाला वाटत असेल.

तात्या म्हणाले, "आणि ती जव्हारला भुताळी म्हणूनच मरेल ना? माझ्या चुकीने?" मग उठून, "मास्तर, खोटं वाचवून औषध पाजलं, तर औषधही एक दिवस खोटं ठरेल. उद्या शाळेची खोली मला द्या. खिडक्यांना पोती लावू."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोडाळ्याचा बाजार भरला. मिठाची, सुक्या मासळीची, नागलीची पालं लागली. पण सगळी गर्दी शाळेच्या पटांगणात. तीनशे माणूस सहज असेल. सुकरीला एका कडेला बसवलं होतं, तिच्याभोवती दहा हात जागा मोकळी. तात्या पुढे झाले, पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "मी तुम्हाला आजवर सांगत आलो की काच खोटं बोलत नाही. ते माझं चुकलं. चूक काचेची नाही, माझी. सुकरी पाटलांच्या घरी गेली नव्हती. मी तिला काचेत भरून नेली."

लोकांत कुजबुज झाली. जिवा भगत उठला. उंच, शिडशिडीत, डोळा करडा. म्हणाला, "तात्या, तू म्हातारीला वाचवायला बोलतोस. तुजा जीव मऊ हाय, आमाला म्हाईत हाय. पन काचेत मानूस भरून नेता येतो, असा आमी कसा मानू?"

"मानू नकोस," तात्या म्हणाले. "बघ. तुलाच भरतो."

हशा पिकला, पण भगत हसला नाही. तात्यांनी शाळेच्या भिंतीला काळी घोंगडी टांगली. भगताला तिच्यापुढे उभं केलं, म्हणाले, हात पुढे कर. भिंगावरचं झाकण काढलं, मोठ्याने मोजलं, झाकण लावलं. "आता जिवा, तू त्या विहिरीवर जाऊन उभा राहा. सगळ्यांनी त्याच्याकडे बघा. तो हलला तर मला सांगा." विहीर पटांगणाच्या पलीकडे, पन्नास पावलांवर. भगत जाऊन उभा राहिला. मग तात्यांनी पाटलांना त्याच घोंगडीपुढे स्टुलावर बसवलं. एकट्याला. चौकट या वेळीही उलटली नाही, आणि ती उलटली नाही हे शेजारी उभ्या माणसांना दाखवून मगच झाकण काढलं. निम्मा बाजार पाटलांकडे बघत होता, निम्मा विहिरीकडे. भगताने पापणीसुद्धा हलवली नाही.

"आता ही काच अंधारात धुवावी लागते," तात्या म्हणाले. "मी आत जाऊन काही लबाडी करीन असं वाटेल. तेव्हा तुमच्यापैकी एकजण माझ्याबरोबर या. कोण येतो?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. अंधाऱ्या खोलीत, त्या पेटीबरोबर? कोणी पुढे येईना. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून चैती उठली. पाटील म्हणाले, "सूनबाय, तू नको." ती पदर खोचून म्हणाली, "माझी पोर गेली. मी बघन. दुसऱ्यानं बघून मला सांगलेला नको."

खोलीत आम्ही तिघे होतो. खिडक्यांना पोती, दाराला सतरंजी, कोपऱ्यात लाल कापड गुंडाळलेला कंदील. तात्यांनी थाळीत औषधाचं पाणी ओतलं आणि काच त्यात सोडली. थाळी हळूहळू डोलवू लागले. काही वेळ काहीच नाही. चैतीचा श्वास मला ऐकू येत होता. मग काचेवर एक काळा ठिपका उमटला. मग रेघ. फोटोच्या काचेत सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, हे तात्यांनी तिला आधीच समजावलं होतं. तरी पाटलांचं काळं धोतर आणि पांढरी मिशी वर येऊ लागली, तशी ती एक पाऊल मागे सरली. आणि पाटलांच्या मागे, अगदी मागे, एक उंच शिडशिडीत माणूस उभा राहिला. त्याचा पुढे केलेला हात पाटलांच्या डोक्यावर होता.

चैती थाळीवर वाकली. किती वेळ पाहत होती, सांगता येत नाही. मग एकच विचारलं, "तात्या, माझ्या पोरीच्या काचेत बी असाच झाला?"

"असंच," तात्या म्हणाले. "माझ्या हातून झालं. मला माफ कर."

काच हायपोच्या, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यातून निघेपर्यंत, धुतली जाईपर्यंत चैती तिथून हलली नाही. तात्यांनी काचेवर दवाखान्यातलं स्पिरिट ओतलं, म्हणजे लवकर वाळते. मग आम्ही बाहेर आलो. ऊन इतकं लख्ख होतं, की क्षणभर मला कुणी दिसेना.

तात्यांनी लाकडी चौकटीत काच आणि तिच्याखाली कागद घालून उन्हात ठेवला. या कागदाची गंमत अशी, की तो उन्हातच काळा होतो आणि लोकांच्या डोळ्यांदेखत चित्र उमटतं. दर थोड्या वेळाने ते सावलीत चौकटीचं मागचं अर्धं दार उघडून दाखवत. माणसं रांगेने येऊन वाकून बघत होती. पहिल्यांदा घोंगडी आली. मग पाटलांची मिशी. मग गर्दीतून एक पोरगी किंचाळली, "भगत! भगत बी हाय!"

काय कालवा उठला, मंडळी! लोक फोटोकडे बघत आणि विहिरीकडे बघत. भगत अजून तिथेच उभा! त्याला कुणी या म्हटलंच नव्हतं, आणि माणूस शब्दाचा पक्का. शेवटी पाटलांनी हाक मारली. भगत आला. कागद हातात घेतला. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायची छाती कुणाला नव्हती. सुकरीला जो न्याय, तोच लावायचा तर हा आता कोण?

त्याने स्वतःच विचारला. "मी इहिरीवर होतो. समद्यांनी बघला?"

"बघला," लोक म्हणाले.

"आन् हितं बी हाय. पाटलाच्या डोक्यावर माजा हात." त्याने कागद उलटापालटा करून पाहिला. "मग मी भुताळा काय?"

तेव्हा चैती पुढे आली, आणि असं खणखणीत बोलली की पालं मांडून बसलेल्या वाण्यांनाही ऐकू गेलं. "तू नाय अन् आजी बी नाय. मी अंदारात बघला. तू पाटलामागं नव्हता, तात्याच्या काचेत होता. आजी माझ्यामागं नव्हती, तात्याच्या काचेत होती. माझी पोर तापानं गेली. तापानं!"

आणि मग ती रडली. महिनाभरात पहिल्यांदा, असं बायका नंतर सांगत होत्या.

जिवा भगताबद्दल मी आज मुद्दाम आदराने बोलणार आहे. त्याचा मान त्या क्षणी पणाला लागला होता. त्याला रागावून निघून जाता आलं असतं, तात्यांनी चेटूक केलं म्हणता आलं असतं, आणि अर्ध्या लोकांनी ते मानलंही असतं. तो सुकरीभोवतीच्या त्या मोकळ्या दहा हातांत चालत गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "म्हातारे, माजा दाना चुकला."

सुकरी म्हणाली, "तुजा बाप बी चुकायचा. ऊठ."

त्यावर जो हशा उठला, तो मी जन्मात विसरणार नाही. पाटील हसले, वाणी हसले, तात्या हसता हसता डोळे पुसू लागले. ज्यांनी दगड टाकले होते, ते तिच्या झोपडीवर नवं गवत घालायला त्याच दुपारी गेले. आणि चैतीने आपल्या चुलीतला विस्तव खापरीत घेऊन स्वतःच्या हाताने सुकरीच्या चुलीत ठेवला. पाटलांनी तो नेताना पाहिला आणि वाट सोडून बाजूला उभे राहिले.

आता आपण विचाराल, औषधाचं काय झालं? मास्तराची भीती खरी झाली का? पुढच्या आश्विनात तात्या फेरीवर निघाले, तेव्हा मीही बरोबर गेलो. पाड्यावर पोहोचलो तर पाटलांच्या अंगणात माणसं आधीच बसलेली. सगळ्यांत पुढे जिवा भगत. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "दे तुजा कडू. जो मानूस आपली चूक बाजारात सांगतो, तो इख देनार नाय." आणि एका घोटात प्याला. तोंड इतकं वाकडं केलं की पोरं हसली आणि हसता हसता तीही प्याली. त्या वर्षी त्या पाड्यावर तापाने एकही मूल गेलं नाही. एकही नाही! डॉक्टरसाहेब इथे बसले आहेत, चुकत असेन तर त्यांनी मला इथेच थांबवावं. नाही थांबवत.

माझा शहाणपणा कसा पालथा पडला, ते आपण पाहिलंत. ती गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. माझ्या सल्ल्यासकट.

आणखी एक सांगतो. त्या दिवशी परत निघताना तात्या चैतीला म्हणाले, "तुझा फोटो मला दे. मी काळ्या कागदाचा आडोसा करून नवीन काढून देतो. फक्त तू आणि माघी. मागे कुणी नाही. मला ते जमतं." चैतीने फोटोकडे पाहिलं. मग मान हलवली. "ऱ्हाऊ दे. आजीनंच तिला पयली हातात घेतली व्हती. तिचा हात ऱ्हाऊ दे पोरीच्या डोक्यावर." तो फोटो पाटलांच्या घरात देवाशेजारी आहे. मी मागच्या शिमग्याला पाहिला. आता थोडा पिवळा पडलाय.

सुकरी त्यानंतर आठ वर्षं जगली. चैतीची पुढची दोन्ही बाळंतपणं तिनेच केली. त्यातला थोरला मुलगा आज इथे जव्हारला माझ्याच शाळेत इंग्रजी तिसरीत आहे, आणि त्याच्या शुद्धलेखनाबद्दल मी या शुभप्रसंगी काही बोलणार नाही.

तात्या, उद्या तुम्ही आणि सुशीलाबाई लेकीकडे कल्याणला निघालात. तुमच्या हातचे फोटो आमच्या भिंतींवर आहेत, तुमच्या हातचं औषध आमच्या रक्तात आहे. सुशीलाबाई, गावातर्फे आज तुम्हाला जी छत्री भेट दिली आहे, ती कृपा करून कुलपात ठेवा. यजमानांच्या नजरेस पडू देऊ नका.

समारंभाला जागा आणि सतरंज्या देणाऱ्या सर्व सज्जनांचे, नाशिककर पाहुण्यांचे, अध्यक्षमहाराजांचे आणि या लांबलेल्या भाषणात एकदाही घड्याळ न काढणाऱ्या आपणा सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर तो पदरात घेऊन मला मोकळं करावं. दहा मिनिटांचा पाऊण तास झाला, त्याबद्दल शिक्षा अध्यक्षांनी सुनवावी, मला मान्य आहे.

पण ती सुनवायला त्यांना सवड मिळेलसं दिसत नाही. बाहेर ओट्यावरची मंडळी उठून उभी राहिली आहेत. पहाटे अंधारात निघून चालत आलेली माणसं, किती वेळ माझं ऐकणार? तारपा वाजू लागलाय, आणि तो वाजवणारा तो उंच म्हातारा कोण आहे, हे तात्यांना इथूनही ओळखता येईल. उठा तात्या, जिवा भगत तुम्हाला नाचायला बोलावतोय.